लाल जायची, पिवळी राहायची

मित्रांनो, या कचेरीतल्या लोखंडी कपाटावर मान वर करून पाहिलंत, तर पिना आणि रबरबँड भरून ठेवलेली एक काचेची बरणी दिसेल. ती मी. पोट गोल, झाकण मूळचं नव्हे, आणि तोंड असं की दहा वर्षांच्या मुलाचा हात सहज आत जावा, पण मोठ्या माणसाचा मनगटाशी अडकावा. इथल्या जीवन वकिलांचा हात माझ्यात दोनदा अडकला आहे. दोन्ही वेळा आत गेला तेव्हा त्यांना भूक नव्हती, असं ते म्हणाले.

माझा जन्म भट्टीतला. लाल तापलेल्या काचेच्या गोळ्यात एका माणसानं गाल फुगवून फुंकर मारली आणि माझं पोट तयार झालं. म्हणजे माझ्या आत सगळ्यात आधी आला तो कुणाचा तरी श्वास. तिथून अकरा बहिणींबरोबर पेंढ्यात गुंडाळून मी नाशिकला आले. दोघी वाटेत फुटल्या. मी पंचवटीत चिमाजींच्या किराणा दुकानात, फळीच्या सर्वांत खालच्या रांगेत बसले. खालची रांग मुलांच्या डोळ्यांच्या उंचीची असते, म्हणून ती आमच्यात मानाची.

ती माझी चांगली वर्षं. भाजीबाजार उठला की भाजीवाल्यांची मुलं यायची. माझ्यात कागदाला दोन्हीकडं पीळ घातलेल्या लिमलेटच्या गोळ्या असत. चिमाजी तसे खवट माणूस. मोठ्या गिऱ्हाइकाला सरळ म्हणायचे, "घ्यायचं तर घ्या, नायतर वारा येऊ द्या." पण पोर आलं की झाकणावर हात ठेवून विचारायचे, "कोंची?" पोर बोट दाखवायचं. चिमाजींनी भलतीच उचलली की ते ओरडायचं, "ती नाय, ती! तिच्या मागची!" मग चिमाजी तिच्या मागचीच काढून द्यायचे. कधी कधी या सगळ्याला एवढा वेळ लागे की मागं उभी बाई पाय बदलत राही. तेव्हा मला वाटायचं, केवढा हा खोळंबा. आता वाटतं, नाशिक शहरात मुलाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकच कचेरी होती.

पुढं चिमाजींच्या मुलानं दुकानात प्लास्टिकचे डबे आणले. त्याच दिवशी खंडेराव सर वेलदोडे घ्यायला आले होते. "ही बरणी मला द्या," ते म्हणाले. "मुलांच्या कामासाठी हवी आहे." मला कोण आनंद झाला! मुलांचं काम म्हणजे माझंच काम.

खंडेराव सर निवृत्त मुख्याध्यापक. छत्तीस वर्षं मुलांत काढली, असं ते सांगत. मुलांत काढली की मुलांपुढं उभं राहून काढली, हा हिशेब निराळा. निवृत्तीनंतर ते एका समितीचे अध्यक्ष झाले. समितीचं नाव मी सांगत नाही. ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्या मुलांनी कुठं राहायचं हे ही समिती ठरवायची. टेबलाच्या पलीकडं तीन खुर्च्या, अलीकडं मुलानं उभं राहायची जागा, दाराबाहेर एक बाक. माझ्यापासून बाकापर्यंत सात पावलं. मुलं येताना मी ती मोजत असे. बरणीला दुसरं काम काय?

झालं होतं असं की मुलाचं मत विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असं वरून पत्र आलं होतं. समितीनं विचारून पाहिलं. पण मुलं बोलत नसत. तुम्हीच सांगा मित्रांनो, तीन अनोळखी माणसं, समोर फायलींचा ढीग, आणि त्यातला एक जण "काय वाटतं रे बाळा तुला?" असं विचारून उत्तर यायच्या आत घड्याळ बघतो. तुम्ही बोलला असता?

तेव्हा खंडेराव सरांना माझी युक्ती सुचली. माझ्यात दोनच रंगांच्या गोळ्या भरल्या. लाल आणि पिवळ्या. मुलाला जवळ बोलावायचं, झाकण उघडायचं आणि म्हणायचं, "घे एक." मुलानं लाल उचलली तर त्याला नातेवाइकांकडं जायचं आहे. पिवळी उचलली तर संस्थेत राहायचं आहे. लिहा मत.

"आणि मुलाला आधी सांगायचं ना, कुठल्या रंगाचा काय अर्थ ते?" जीवन वकिलांनी विचारलं. जीवन वकील समितीचे दुसरे सदस्य. त्यांनी विचारलेला तो शेवटचा शहाणा प्रश्न.

"छे!" सर म्हणाले. "सांगितलं की मूल विचार करतं. विचार केला की ते मोठ्यांना बरं वाटेल तेच उचलतं. न सांगता उचलू दे. मनातलं आपोआप बाहेर येतं."

मला तेव्हा हे पटलं होतं. खोटं कशाला बोलू? मुलाच्या मनातलं बाहेर काढणारी बरणी, असं कुणी म्हटलं तर कुठल्या बरणीला आवडणार नाही?

पण मी मोजत होते. पहिल्या वर्षात दोनशे अकरा मुलं आली. एकशे चौतीस लाल, सत्त्याहत्तर पिवळ्या. त्यातल्या कितीतरी मुलांनी वरची गोळी उचलली, कारण ती वर होती. एकानं कागद कमी चुरगळलेली उचलली. एका मुलीनं पिवळी उचलली, कारण तिच्या फ्रॉकवर पिवळी फुलं होती. आणि मे महिना आला. तुम्हाला नाशिकचा मे ठाऊक आहे. पिवळ्या गोळ्या मऊ पडल्या, एकमेकींना चिकटल्या आणि माझ्या बुडाशी त्यांचा गठ्ठा झाला. लाल तेवढ्या सुट्या राहिल्या. त्या महिन्यात नाशिकच्या एकाही मुलाला संस्थेत राहायचं नव्हतं. एका मुलाला तर ज्या मामानं डागण्या दिल्या होत्या त्याच मामाकडं जायचं होतं. समितीनं पाठवलं. मत होतं त्याचं.

सरांनी अहवालात लिहिलं, 'उन्हाळ्यात मुलांना घराची ओढ विशेष जाणवते.'

कौतुक किती झालं म्हणून सांगू! बाहेरगावचे पाहुणे मला बघायला आले. एका कार्यशाळेत मला व्यासपीठावर नेलं, हार घातला, शेजारी समई लावली. पेपरात फोटो आला. त्यात सर, मी आणि एक मूल होतं. मुलाचा चेहरा नियमाप्रमाणं पुसून टाकला होता. सरांचा आणि माझा स्पष्ट होता. मी काच असून फुगले होते. मुलं बाकावर एकमेकांना माझ्याकडं बोट दाखवत, "तिच्यात गोळ्या हायेत," म्हणत. मला वाटायचं, बघा, मुलांचं किती प्रेम.

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळं मी कपाटावर गेले.

सृष्टी आणि साई ही बहीणभावंडं. ती दहाची, तो पाचाचा. गाव नामपूर, पण बाप हातगाडी चालवायला पंचवटीत आला होता. आई तापानं गेली. एका सकाळी बाप हातगाडी घेऊन गेला तो परत आला नाही. पुढं कळलं, त्यानं दुसरीकडं संसार मांडला होता. आठ दिवस सृष्टीनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाजार उठल्यावर पडलेली भाजी वेचायची, भावाला उकडून घालायची. साई रडला की त्याच्या तोंडावर हात ठेवून हसवायची. नवव्या दिवशी फुलं विकणाऱ्या सुवर्णानं दोघांना पाहिलं आणि चौकशी केली. मग दोघं संस्थेत आली. चार महिने तिथं राहिली. मुलींची खोली वेगळी, मुलांची वेगळी, पण जेवायला दोघं शेजारी बसत. सृष्टीला एवढं एकच हवं होतं. कुठंही ठेवा, पण साईबरोबर ठेवा. हे तिनं बाकावर बसून आक्काबाईला दहा वेळा सांगितलं होतं. आक्काबाई म्हणजे कचेरीची शिपाई. चहा आणणं, मुलं सांभाळणं आणि माझ्यात गोळ्या भरणं तिच्याकडं. आक्काबाईचं मत घ्यायचं कुठलंही पत्र वरून आलं नव्हतं, त्यामुळं तिला कुणी विचारलं नाही.

त्या गुरुवारी मुलांचा चुलता नामपूरहून आला. शेखर त्याचं नाव. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात नव्या कपड्यांची पिशवी. पिशवीत एकच जोड होता, मुलाचा.

"गुरुजी, पोराला मी नेतो," तो म्हणाला. "सोताच्या पोरासारखा वाढवीन. मला तिन्ही पोरीच हायेत. चौथी नको. पोरीचं तुमी बघा."

सरळ माणूस. त्याच्या मनातलं काढायला बरणी लागली नाही.

"साईला विचारायचं?" तिसऱ्या खुर्चीवरून आवाज आला. तिथं ज्योत्स्नाताई बसल्या होत्या. समितीवर नव्या. हा त्यांचा तिसराच गुरुवार.

"पाच वर्षांचं पोर ते," सर हसले. "सहाच्या खाली आपण विचारत नाही. आक्काबाई, त्याला पलीकडच्या खोलीत नेऊन नवे कपडे घाला. सृष्टीला आत पाठवा."

सृष्टी आत आली. सात पावलं. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. तिनं आधी टेबलाकडं, मग तिन्ही तोंडांकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"घे बाळ," सर म्हणाले. "एक घे."

तिनं हात घातला आणि थांबली. "दोन घेऊ?"

"एकाला एक. नियम आहे."

तिची बोटं लालवर गेली होती. मला जाणवलं. माझ्या भिंतीला तिची नखं लागली. मग ती लाल तिनं बाजूला सारली, खाली हात खुपसला, शोधली, आणि पिवळी काढली. मुठीत धरली. कागद सोडला नाही. सरांनी तोंडभरून "शाब्बास" म्हटलं. ती बाहेर गेली.

"पिवळी," सर म्हणाले. "आणि बघितलंत? लाल सारून पिवळी शोधली. एवढं स्पष्ट मत मी वर्षात पाहिलं नाही. मुलीला इथंच राहायचं आहे."

"बरं झालं," जीवन वकील म्हणाले. "लाल निघाली असती तर पंचाईत होती. हा बाबा तिला न्यायला तयार नाही."

सरांनी छापील कागद पुढं ओढला. त्यावर वाक्य आधीच छापलेलं होतं, 'समितीने साधकबाधक चर्चेअंती एकमताने निर्णय घेतला की...' पुढं नाव भरायला रेघ. चार वर्षांत समितीत एकदाही मतभेद झाला नाही, याचा सरांना अभिमान होता. आणि तो व्हावा तरी कसा? एकमत छापखान्यातूनच येत होतं.

"सर, माझं एकमत नाही," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

सरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू कुणी जेवणाच्या पंगतीत ताट पालथं घातलं.

"म्हणजे?"

"म्हणजे दोघांना वेगळं करू नये. चुलता दोघांना नेत नसेल तर दोघं इथं राहू देत. आणि त्या मुलीला नीट विचारू या. बाहेरच बसली आहे."

"विचारलं की आत्ता."

"गोळी दिली. विचारलं नाही."

"ताई," सरांचा आवाज एकदम मऊ झाला. हा आवाज त्यांनी छत्तीस वर्षं नापास मुलांच्या आयांसाठी वापरला होता. "तुम्ही नवीन आहात. भावना समजते. पण गोळीनंतर तोंडी विचारलं की पद्धत मोडते. मग आधीच्या दोनशे मुलांचं काय? त्यांचं सगळं पुन्हा उघडायचं का?"

"मग माझं मत वेगळं आहे, असं लिहून ठेवा."

"कुठं लिहिता?" जीवन वकिलांनी कागद उलटसुलट करून दाखवला. "रकानाच नाही ताई. 'एकमताने' छापलंय. ते खोडलं की खाडाखोड. खाडाखोड दिसली की फाइल वरून परत येते."

"मी सहीच्या खाली लिहिते."

"सहीच्या खाली लिहिलेलं धरत नाहीत."

"वर लिहिते."

"वर जागा कुठाय?"

"मग सही करत नाही."

"करू नका," सर म्हणाले. "खुशाल करू नका. दोघांच्या सह्यांवर आपलं होतंय. पण एक सांगतो. हा माणूस कांद्याची काढणी टाकून आलाय. आज रिकाम्या हातानं गेला तर पुन्हा येणार नाही. मग ते पोर अठरा वर्षांचं होईपर्यंत इथं राहील, आणि त्याला कुणी विचारलं, तुझं घर कुणी घालवलं, तर मी तुमचं नाव सांगेन. चालेल?"

ज्योत्स्नाताईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मी त्यांचा चेहरा जवळून पाहत होते. बाई वाईट नव्हत्या. दारापर्यंत जायचं, बाकावरच्या मुलीसमोर गुडघ्यावर बसायचं आणि विचारायचं, 'पिवळी का घेतलीस गं?' एवढंच करायचं होतं. सात पावलं. त्यांनी दाराकडं पाहिलंही. तेवढ्यात आक्काबाई चहा घेऊन आली. जीवन वकिलांनी कप त्यांच्या पुढं सरकवला, "घ्या ताई, चहावर राग काढू नका," म्हणाले, आणि सगळे थोडं हसले. त्याही हसल्या. हसल्यावर उठणं अवघड असतं.

"पुढच्या वेळेपासून रकाना ठेवू या," त्या म्हणाल्या.

"अवश्य! ठरावच मांडा तुम्ही. एकमतानं मंजूर करू."

त्यांनी सही केली. ती करताना कागद त्यांनी डाव्या हातानं झाकून धरला होता. परीक्षेत मुलं धरतात तसा.

आता या कचेरीची एक रीत सांगते. कुणाला कुणापासून वेगळं करायचं असेल, तर नेणाऱ्याला मागच्या जिन्यानं काढून द्यायचं. रडारड होत नाही. बाकावरच्या मुलाला नंतर सांगायचं. मागच्या जिन्यापाशी रिक्षा उभी करायला आक्काबाई जायची. त्या दिवशीही गेली. नवा शर्ट घातलेला साई चुलत्याचं बोट धरून खाली उतरला. "ताई?" एवढं त्यानं विचारलं, असं आक्काबाई नंतर म्हणाली. "येतीय, मागून येतीय," असं चुलत्यानं सांगितलं.

सृष्टी बाकावर बसून होती. वीस मिनिटं. मूठ मिटलेली. कचेरी आवरायला लागली तेव्हा ती उठून दारात आली.

"आक्काबाई, साई कुठाय? त्याचं कपडे घालून नाय झालं?"

आक्काबाई कप गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

"आक्काबाई, त्याची गोळी राह्यली. हाई साईनी शे." गडबडली की सृष्टी आपल्या गावचं बोलायची; ही साईची आहे, असं म्हणत होती. तिनं मूठ उघडली. पिवळ्या गोळीचा कागद घामानं ओला झाला होता. "त्याले लाल नाय आवडत. जीभ चुरचुरते म्हणतो. म्हणून मी पिवळी शोधली."

कप बशीवर वाजला. आक्काबाईच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाय माझे! त्याच्यासाठी घेतलीस व्हय तू ती?"

"मंग?"

"पोरी, पिवळी घेतली म्हंजी हितं ऱ्हायचं असतं. लाल घेतली म्हंजी जायचं असतं. तू पिवळी उचललीस. साईला काकानं नेला. गेली रिक्षा."

"आक्काबाई!" सर ओरडले. आजवर पहिल्यांदा कुणीतरी एका मुलाला नियम सांगितला होता, आणि तोही भलत्याच माणसानं.

मित्रांनो, मला वाटलं ती रडेल. तिघांनाही तेच वाटलं. जीवन वकिलांनी तर पाण्याचा ग्लास उचलला. पण सृष्टी रडली नाही. आठ दिवस भाजी वेचून भावाला जगवलेली मुलगी ती. नियम कळला की वाट काढायची, एवढं तिला येत होतं. ती सरळ टेबलापाशी आली आणि पिवळी गोळी सरांच्या पुढं ठेवली.

"ही परत घ्या. मी खाल्ली नाय, कागदपण सोडला नाय. मला लाल द्या."

जीवन वकिलांनी ग्लास परत खाली ठेवला.

"सर, लाल द्या ना."

आणि खंडेराव सरांनी काय केलं? त्यांनी झाकण उघडलं. माणूस दयाळू होता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी एक छानशी लाल गोळी निवडली आणि तिच्या हातावर ठेवली. "घे. ही पण घे आणि ती पण ठेव. आज तुला दोन."

सृष्टीनं कागद ओरबाडला, गोळी तोंडात टाकली आणि चावली. चोखली नाही, चावली. कडाकड आवाज आला. डोळ्यांत पाणी आलं ते जीभ चुरचुरली म्हणून असेल. गिळून झाल्यावर तिनं जीभ बाहेर काढून तिघांना दाखवली. लाल होती.

"खाल्ली," ती म्हणाली. "आता मी जाऊ? रिक्षा लांब गेली नसंल. मी पळत जाते."

ज्योत्स्नाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांची खुर्ची मागं पडली. "सर, रिक्षा थांबवा. स्टँडवर फोन करा. हे सगळं चुकलंय."

"आदेश निघाला, ताई," सर म्हणाले. त्यांचा आवाजही आता तेवढा मऊ राहिला नव्हता. "तुमची सही आहे त्याच्यावर."

सृष्टी दाराकडं धावली. आक्काबाईनं तिला दारात धरलं. धरलं म्हणजे मिठीत घेतलं. मुलगी तिच्या हातांना चावली, पण आक्काबाईनं सोडलं नाही. ती सारखी एकच बोलत होती, "लय चुकलं गं माझं, लय चुकलं." सगळ्या खोलीत हे वाक्य म्हणणारी ती एकटी, आणि तिची कुठल्याच कागदावर सही नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. ज्योत्स्नाताईंनी दुसऱ्या दिवशी चार पानी वेगळं मत लिहून दिलं. 'निर्णयानंतर प्राप्त, नस्ती' असा शेरा मारून ते फायलीत लागलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, वर पाठवलं, खाली आलं. बाई चिवट निघाल्या, पण एक गुरुवार उशिरा. त्यांच्या आग्रहामुळं एवढं मात्र झालं की गोळ्यांची पद्धत बंद पडली. सरांची मुदत संपली, जीवन वकील अध्यक्ष झाले. नव्या छापील कागदावर आता 'भिन्न मत असल्यास' असा रकाना आहे. अजून कुणी तो भरलेला नाही. मला धुवून पुसून कपाटावर ठेवलं. आता माझ्यात पिना आणि रबरबँड. टोचतात, पण कुणाचं काही ठरवत नाहीत.

मुलांना आता तोंडी विचारतात. "काय बाळ, बरं चाललंय ना?" असं. मूल मान हलवतं. मत झालं.

आणि सृष्टी? ती वर्षातून एकदा येते, फायलीवर नवी तारीख पडते तेव्हा. आता बारा वर्षांची आहे. साई नामपूरला शाळेत जातो. दोनदा दोघांची भेट घडवून आणली. दुसऱ्या भेटीत तो चुलतीच्या मागं लपला आणि "ही कोण?" म्हणाला, असं आक्काबाईनं मला पुसता पुसता कुणाला तरी सांगितलं. परवाच्या गुरुवारी सृष्टी आली तेव्हा जीवन वकिलांच्या घरी काहीतरी शुभकार्य झालेलं होतं. टेबलावर पेढ्यांचा खोका होता. "घे गं, पेढा घे," ते म्हणाले.

तिनं हात पुढं केला नाही. खोक्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हा घेतला तर काय होतं?"

सगळे हसले. ज्योत्स्नाताई सोडून सगळे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. मी काच आहे. फुटले तर आक्काबाई झाडून टाकेल आणि पिनांना दुसरा डबा मिळेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसाल. एखादं मूल तुमच्यापुढं उभं राहून असा काही प्रश्न विचारेल, तेव्हा हसू नका. खुर्चीवरून उठा, त्याच्या उंचीला या आणि त्याला खरं काय ते सांगा. आणि मग, त्याचं बोलून होईपर्यंत, हातातलं पेन खाली ठेवा.